जुन्या कॅबिनेटमध्ये नवा संगणक: काय ठेवावे, काय बदलावे, काय मोजावे

डेस्कटॉप संगणक जुना झाला की अनेकदा मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एवढेच बदलायचे असते. मॉनिटर, कीबोर्ड, माउस चालू स्थितीत असतात. मग प्रश्न येतो तो लोखंडी पेटीचा, म्हणजे कॅबिनेटचा. ती भंगारात द्यावी, की नवे भाग तिच्यातच बसवावेत?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यातल्या बीबीसारख्या गावात हा प्रश्न केवळ हौसेचा नसतो. ऑनलाइन अर्ज भरून देणारे केंद्र, झेरॉक्सचे दुकान, संगणक शिकवणी, कृषी सेवा केंद्रातले बिलिंग अशी कामे डेस्कटॉपवर चालतात. तिथे वाचलेले दीड-दोन हजार रुपये जास्त रॅमसाठी किंवा मोठ्या एसएसडीसाठी कामी येतात. पण चुकीच्या ठिकाणी काटकसर केली तर नवा मदरबोर्ड पहिल्याच उन्हाळ्यात जळू शकतो.

विंडोज १० चा नियमित सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे हा प्रश्न आता अधिक जणांपुढे उभा आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. त्यामुळे त्याआधीच्या संगणकांचे मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलण्याची वेळ येते.

थोडक्यात उत्तर

- कॅबिनेट एटीएक्स किंवा मायक्रो एटीएक्स मापाचे असेल तर ते वीस वर्षे जुने असले तरी बहुधा चालते.
- कॅबिनेटसोबत आलेला जुना एसएमपीएस मात्र नव्या मदरबोर्डला जोडू नये.
- मोठ्या कंपन्यांच्या तयार संगणकांची कॅबिनेट वेगळ्या मापाची असू शकतात. ती आधी तपासावीत.
- बोर्डाखालच्या पितळी खुंट्या, हवेचा मार्ग आणि अर्थिंग या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय वीज सुरू करू नये.

‘सीपीयू’ कोणता आणि कॅबिनेट कोणते?

बोलताना आपण टेबलाखालच्या सगळ्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतो. प्रत्यक्षात सीपीयू म्हणजे मदरबोर्डवर बसणारा प्रोसेसर, काड्यापेटीपेक्षाही लहान. डब्याचे नाव कॅबिनेट. दुकानात ‘सीपीयू बदलायचा आहे’ असे सांगितले तर दुकानदार कधी पूर्ण नवा संच दाखवतो, कधी फक्त प्रोसेसर. म्हणून ‘कॅबिनेट तेच ठेवायचे, आतला बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएस नवे’ असे स्पष्ट सांगितलेले बरे.

कॅबिनेटचे काम चार प्रकारचे असते: भाग घट्ट धरून ठेवणे, हवेला वाट देणे, धूळ आणि उंदरांपासून बचाव करणे आणि धातूचा पत्रा अर्थिंगला जोडून माणसाला विजेपासून वाचवणे. यातले एकही काम संगणकाच्या वेगावर अवलंबून नाही. म्हणून प्रोसेसर काही वर्षांत जुना होतो, कॅबिनेट तितक्या लवकर होत नाही.

जुने कॅबिनेट चालते कसे?

याचे कारण एक जुने मानक आहे. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स नावाची रचना मांडली. मदरबोर्डचा आकार, स्क्रूच्या भोकांच्या जागा, मागच्या जोडण्यांची खिडकी आणि एसएमपीएसचे माप तिच्यात ठरले. १९९७ मध्ये तिचे लहान रूप मायक्रो एटीएक्स आले. २००१ मध्ये व्हिया या कंपनीने आणखी लहान मिनी आयटीएक्स आणले. भोकांच्या जागा शक्य तितक्या जुळत्या ठेवल्यामुळे लहान बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बसतो.

लक्षात ठेवायची मापे अशी:

- एटीएक्स बोर्ड: ३०५ × २४४ मिमी
- मायक्रो एटीएक्स बोर्ड: जास्तीत जास्त २४४ × २४४ मिमी
- मिनी आयटीएक्स बोर्ड: १७० × १७० मिमी
- मागची जोडण्यांची खिडकी: सुमारे १५९ × ४४.५ मिमी
- एटीएक्स एसएमपीएसची मागची बाजू: १५० × ८६ मिमी

महाराष्ट्रात एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर गावोगावी संगणक केंद्रे उघडली. २०११ पासून ‘संग्राम’ प्रकल्पातून ग्रामपंचायतींमध्ये संगणक आले. त्या काळात स्थानिक दुकानदाराने जोडून दिलेले संगणक बहुतेक एटीएक्स किंवा मायक्रो एटीएक्स कॅबिनेटमध्ये असत. अशा कॅबिनेटमध्ये आजचा मायक्रो एटीएक्स बोर्ड बसायला सहसा अडचण येत नाही.

१९९५ पूर्वीच्या ‘एटी’ पद्धतीच्या कॅबिनेटची गोष्ट वेगळी. त्यांत घरातली २३० व्होल्टची वायर थेट समोरच्या बटणापर्यंत येते. नव्या मदरबोर्डला बटणाकडून फक्त एक हलका संकेत हवा असतो. असे कॅबिनेट नव्या बोर्डासाठी वापरू नये.

कंपनीच्या तयार संगणकांचा अपवाद

डेल, एचपी, लेनोवो यांसारख्या कंपन्यांचे कार्यालयांतून निवृत्त झालेले संगणक जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. त्यांचा पत्रा मजबूत असतो, पण माप नेहमीच प्रमाण नसते. तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट एसएमपीएसची. लहान आकाराच्या अनेक मॉडेलमध्ये तो लांबट किंवा बुटका असतो, आणि बोर्डाला जोडणाऱ्या पिना २४ ऐवजी कमी असतात. तिथे बाजारातला एटीएक्स एसएमपीएस बसत नाही.

दुसरी गोष्ट समोरच्या बटणाची आणि दिव्यांची वायर. ती कंपनीच्या खास प्लगमध्ये असेल तर नव्या बोर्डाच्या पिनांवर बसत नाही.

तिसरी गोष्ट उलटी रचना. इंटेलने २००४ च्या सुमारास बीटीएक्स नावाचे नवे मानक आणले होते. त्यात बोर्ड आरशातल्या प्रतिमेसारखा दुसऱ्या बाजूला बसतो. २००६ मध्ये इंटेलने ते पुढे नेणे थांबवले, पण त्या काळातले काही कंपनी-संगणक अजून फिरत आहेत. उघडणारी बाजू नेहमीपेक्षा उलट दिसली, तर एटीएक्स बोर्ड त्यात बसणार नाही असे समजावे.

घेण्याआधी काय मोजावे?

नवे भाग मागवण्याआधी कॅबिनेट उघडून पट्टीने चार मापे घ्यावीत. जिथून परत करायला तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते, तिथे ही दहा मिनिटे फार मोलाची.

१. बोर्डाची जागा. मागच्या खिडकीपासून समोरच्या डिस्कच्या खणापर्यंत किती अंतर आहे? मायक्रो एटीएक्स बोर्डाला २४४ मिमी आणि वर वायरींसाठी थोडी मोकळीक हवी.

२. प्रोसेसरच्या पंख्याची उंची. बोर्डाच्या पातळीपासून बाजूच्या झाकणापर्यंत मोजावे. जुनी कॅबिनेट १७० ते १८० मिमी रुंद असतात, म्हणून आत साधारण १२० ते १३० मिमी उंचीच भरते. प्रोसेसरसोबत खोक्यात मिळणारा पंखा बुटका असल्यामुळे सहज मावतो. १२० मिमी पंख्याचे उभे कूलर १५० ते १६० मिमी उंच असतात, त्यांनी झाकण लागत नाही.

३. ग्राफिक्स कार्डची लांबी. कार्ड घ्यायचे असेल तरच. जुन्या कॅबिनेटमध्ये डिस्कचा खण स्लॉटसमोरच येतो, त्यामुळे लांब कार्ड त्यावर आदळते. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात कार्डची लांबी मिलिमीटरमध्ये दिलेली असते, ती आपल्या मापाशी ताडून पाहावी.

४. एसएमपीएसची खोली. प्रमाण एटीएक्स एसएमपीएस १४० मिमी खोल असतो, काही त्याहून लांब असतात. वर डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर दोघांत वायरींपुरती जागा उरते का, हे पाहावे.

जुना एसएमपीएस का ठेवू नये?

कॅबिनेट आणि एसएमपीएस पूर्वी बहुतेक एकत्रच विकले जात. त्यामुळे ‘कॅबिनेट तेच’ म्हणताना नकळत एसएमपीएसही तोच राहतो. या विषयातली सर्वांत महागात पडणारी चूक हीच.

जुन्या एसएमपीएसचे वय दोन प्रकारे झालेले असते. पहिले वय आतल्या भागांचे. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. तापमान १० अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. पत्र्याच्या छताखाली दहा-बारा उन्हाळे काढलेला एसएमपीएस सुरू होतो म्हणून चांगला आहे, असे होत नाही. कपॅसिटर सुकले की व्होल्टेज थरथरते, संगणक मध्येच बंद पडतो, डिस्कवरची माहिती बिघडते. निकामी होताना असा एसएमपीएस बोर्डही सोबत नेऊ शकतो.

दुसरे वय रचनेचे. पूर्वीचे संगणक ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्टवर जास्त वीज घेत. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवर घेतात. त्यामुळे डब्यावरचा ‘४५० वॅट’ हा आकडा पाहून उपयोग नाही. लेबलवर ‘+१२ व्होल्ट’समोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून त्याला १२ ने गुणावे. तिथे १६ अँपिअर असतील, तर १२ व्होल्टवर मिळणारी वीज फक्त १९२ वॅट. मोठा आकडा कागदावरच राहतो.

जोडण्याही बदलल्या आहेत. २००३ पासून मुख्य प्लग २० ऐवजी २४ पिनांचा झाला. प्रोसेसरसाठी वेगळा चार पिनांचा प्लग २००० मध्ये आला, आज बहुतेक बोर्डांवर आठ पिनांची जागा असते. शिवाय २०१३ नंतरचे प्रोसेसर निष्क्रिय असताना इतकी कमी वीज घेतात की काही जुने एसएमपीएस ‘भारच नाही’ असे समजून बंद पडतात.

नवा एसएमपीएस घेताना लेबलवर तीन गोष्टी वाचाव्यात: १२ व्होल्टवरचे अँपिअर, ‘८० प्लस’ हे कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र आणि इनपुट व्होल्टेज. ग्रामीण भागात व्होल्टेज अनेकदा खाली जाते. १०० ते २४० व्होल्ट असा इनपुट असलेला एसएमपीएस अशा वेळी तग धरतो. जुन्या काही एसएमपीएसच्या मागे ११५/२३० असे लाल बटण असते. भारतात ते ११५ वर सरकले तर एसएमपीएस क्षणात उडतो. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या कार्यालयीन संगणकाला चांगल्या प्रतीचा ४०० ते ४५० वॅटचा एसएमपीएस पुरेसा होतो.

कॅबिनेटचे वाचलेले पैसे खर्च करायची पहिली जागा हीच आहे.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या का येतात?

अनेक गावांत हा अनुभव इतका नेहमीचा असतो की लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. कारण असे: एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर तो किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर मुख्य विजेच्या जवळपास निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज दिसते. प्रवाह अगदी थोडा असल्यामुळे झिणझिण्यांवर भागते. पण एसएमपीएसमध्ये खरा बिघाड होऊन फेज पत्र्याला लागली, तर अर्थिंगशिवाय तोच पत्रा जीवघेणा ठरू शकतो.

म्हणून तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापू नये आणि दोन पिनांचा जुगाड करू नये. नवा बोर्ड बसवण्याआधी वायरमनकडून सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे. एसएमपीएस जिथे पत्र्याला टेकतो तिथला गंज किंवा जाड रंग खरवडावा आणि चारही स्क्रू लावावेत, म्हणजे पत्रा आणि अर्थिंग यांचा संबंध पक्का होतो. झिणझिण्यांचा त्रास फक्त माणसाला होत नाही. प्रिंटर किंवा पेन ड्राइव्ह जोडताना हेच व्होल्टेज यूएसबीच्या वाटेने जाऊन पोर्ट बिघडवू शकते.

विदर्भातला उन्हाळा आणि जुन्या पेटीतली हवा

जुन्या कॅबिनेटला मागे ८० मिमीचा एखादा पंखा असतो, कधी तोही नसतो. एसएमपीएस वरच्या बाजूला असतो आणि तोच आतली गरम हवा ओढून बाहेर टाकतो. ही व्यवस्था नव्या भागांना पुरेल का?

साध्या कामाच्या संगणकाला बहुधा पुरेल, कारण नवे भाग जुन्यांपेक्षा जास्त तापतातच असे नाही. २००५ च्या सुमाराच्या पेंटियम डी मालिकेतील काही प्रोसेसरांचा उष्णतेचा आकडा १३० वॅट होता. त्यानंतरच्या कोअर २ ड्युओ प्रोसेसरांचा ६५ वॅट. आजच्या कोअर आय३-१२१०० चा मूळ आकडा ६० वॅट आहे, जोर लावल्यावर तो ८९ वॅटपर्यंत जातो. म्हणजे ज्या पेटीने पेंटियम डी सांभाळला, तिला आजचा साधा प्रोसेसर जड नाही. अडचण येते ती मोठ्या ग्राफिक्स कार्डमुळे.

हिशेब सोपा आहे. आत १५० वॅट उष्णता निर्माण होत असेल आणि आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर मिनिटाला साधारण ८०० लिटर हवा आरपार जायला हवी. ८० मिमीचा सर्वसाधारण पंखा मोकळ्या हवेत जवळपास इतकी हवा फेकतो, पण समोर जाळी, धूळ आणि वायरींचा गुंता आला की त्याची ताकद बरीच घटते. १२० मिमीचा पंखा कमी आवाजात जास्त हवा हलवतो.

एप्रिल-मे महिन्यांत बुलढाणा जिल्ह्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या दुकानात दुपारी त्याहून जास्त. बाहेरची हवाच ४२ अंशांची असेल तर आत ५२ अंश होणार, आणि प्रोसेसर त्याच्याही वर. प्रोसेसर जळण्याआधी स्वतःहून वेग कमी करतो, म्हणून ‘नवा संगणक दुपारी मंद होतो’ अशी तक्रार येते.

यावर उपाय खर्चीक नाहीत. मागच्या पंख्याची जागा रिकामी असेल तर तिथे बाहेर हवा टाकणारा पंखा लावावा. समोर खालच्या बाजूला पंख्याची जागा असेल तर आत हवा घेणारा लावावा. पंख्याच्या चौकटीवरचा बाण हवेची दिशा दाखवतो. सगळ्या वायरी न वापरलेल्या सीडीच्या खणात कोंबून प्रोसेसरसमोरची वाट मोकळी करावी. झाकण काढून संगणक चालवण्याची सवय मात्र सोडावी, कारण त्याने धूळ, पाली आणि मुलांचे हात थेट आत जातात. कॅबिनेट भिंतीपासून किमान वीतभर दूर आणि जमिनीपासून थोडे उंच ठेवावे.

समोरच्या वायरी: जिथे सगळे अडखळतात

बटण, रीसेट आणि दिवे यांच्या वायरी एटीएक्स काळात फारशा बदलल्या नाहीत. बहुतेक नव्या बोर्डांवर त्यांच्यासाठी नऊ पिनांचा गट असतो आणि त्याचे चित्र बोर्डाच्या पुस्तिकेत असते. बटण आणि रीसेटच्या वायरी कोणत्याही बाजूने लावल्या तरी चालतात. दिव्यांना दिशा असते. उलटी लागली तर दिवा लागत नाही इतकेच, नुकसान होत नाही.

जुन्या कॅबिनेटमध्ये पॉवरच्या दिव्याचा प्लग अनेकदा तीन छिद्रांचा असतो, मधले रिकामे. नव्या बोर्डावर पिना शेजारी शेजारी असतात. अशा वेळी प्लगची छोटी प्लास्टिकची जीभ टाचणीने उचलून कडेची वायर मधल्या छिद्रात सरकवता येते.

यूएसबीच्या बाबतीत मात्र चूक महाग पडते. फार जुन्या कॅबिनेटमध्ये यूएसबीच्या वायरी सुट्या असतात. प्रचलित रंग असे: लाल ५ व्होल्ट, पांढरी आणि हिरवी माहितीची, काळी ग्राउंड. पण रंगावर विसंबण्यापेक्षा प्लगवरची अक्षरे वाचावीत आणि खात्री नसेल तर त्या वायरी न जोडता चिकटपट्टीने बांधून ठेवाव्यात. काही कॅबिनेटमध्ये ‘१३९४’ असे लिहिलेला फायरवायरचा प्लग असतो. तो यूएसबीसारखाच दिसतो, पण यूएसबीच्या पिनांवर लावला तर बोर्ड किंवा जोडलेले उपकरण खराब होऊ शकते. समोरच्या आवाजाच्या वायरीला ‘एसी ९७’ आणि ‘एचडी ऑडिओ’ असे दोन प्लग असतील तर एचडी ऑडिओचा लावावा.

जुन्या कॅबिनेटच्या समोर यूएसबी २.० च असते. तिचा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, तर यूएसबी ३.० चा ५ गिगाबिट. मोठ्या फायली रोज हलवायच्या असतील तर सीडीच्या खणात बसणारे यूएसबी ३.० चे पॅनेल मिळते. त्यासाठी बोर्डावर १९ पिनांची जागा आहे का ते आधी पाहावे. नाहीतर मागचे पोर्ट वापरावेत.

एसएसडी कुठे बसवायची?

बोर्डावर थेट बसणाऱ्या एम.२ एसएसडीला कॅबिनेटमध्ये जागाच लागत नाही. २.५ इंची साटा एसएसडी जुन्या ३.५ इंची खणात सैल पडते. त्यासाठी छोटी पट्टी मिळते. पट्टी नसेल तर दोन बाजूंची चिकटपट्टीही चालते, कारण एसएसडीत फिरणारा भाग नसतो. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क मात्र स्क्रूनेच घट्ट बसवावी.

स्क्रू दोन प्रकारचे असतात. जाड आट्यांचे कॅबिनेट, एसएमपीएस आणि ३.५ इंची हार्ड डिस्कसाठी, बारीक आट्यांचे २.५ इंची एसएसडी आणि डीव्हीडी ड्राइव्हसाठी. चुकीचा स्क्रू जोर लावून फिरवला की आटे जातात.

जोडणीचा क्रम

१. जुना बोर्ड, एसएमपीएस आणि डिस्क काढून रिकामे कॅबिनेट उघड्यावर नेऊन ब्रशने आणि ब्लोअरने साफ करावे. उंदरांचा वावर असेल तर नाकातोंडावर रुमाल बांधून ओल्या फडक्याने पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे.

२. गंज पॉलिश पेपरने घासून काढावा, नंतर लोखंडाचा कण आत राहू देऊ नये.

३. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या हरवल्या असतील तर नव्या लावाव्यात किंवा बारीक तारेची जाळी बसवावी. उंदीर आणि पाली याच वाटेने आत शिरतात.

४. नवा बोर्ड कॅबिनेटबाहेर, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, पंखा, रॅम आणि नवा एसएमपीएस जोडून एकदा सुरू करून पाहावा. बिघाड बोर्डाचा की कॅबिनेटचा, हे इथेच कळते.

५. बोर्डासोबत मिळालेली मागच्या खिडकीची पत्र्याची चौकट आधी बसवावी. जुनी चौकट चालत नाही.

६. बोर्डाची भोके आणि पत्र्यावरच्या पितळी खुंट्या ताडून पाहाव्यात. जिथे भोक नाही तिथली खुंटी काढलीच पाहिजे. ती बोर्डाच्या पाठीला टेकली तर शॉर्ट होतो. जुन्या कॅबिनेटमध्ये आधीच्या बोर्डाच्या खुंट्या राहिलेल्या असतात, म्हणून ही पायरी टाळू नये.

७. स्वस्त मायक्रो एटीएक्स बोर्ड अरुंद असतात आणि त्यांच्या उजव्या कडेखाली खुंटी येत नाही. त्या बाजूचा २४ पिनांचा प्लग किंवा रॅम दाबताना बोर्ड वाकतो. म्हणून रॅम आधीच बसवावी आणि प्लग लावताना कडेला बोटाने खालून आधार द्यावा.

८. समोरच्या वायरी जोडून, सगळे पंखे मोकळे फिरतात याची खात्री करून मग झाकण लावावे.

एक नमुना हिशेब

समजा, एका सेवा केंद्रात २००९ मधला कोअर २ ड्युओचा संगणक आहे. कॅबिनेट मायक्रो एटीएक्स, मागे ८० मिमीचा पंखा, समोर यूएसबी २.० चे दोन पोर्ट. काम आहे अर्ज भरणे, कागद स्कॅन करणे आणि छपाई. तिथे आय३ दर्जाचा प्रोसेसर, मायक्रो एटीएक्स बोर्ड, एम.२ एसएसडी आणि नवा एसएमपीएस घेतला तर जुन्या पेटीत सगळे बसते. उष्णता पूर्वीइतकीच राहते आणि डिस्कची जागा रिकामी होऊन हवा आणखी मोकळी होते. साध्या नव्या कॅबिनेटचे साधारण दीड ते तीन हजार रुपये वाचतात. त्यातून चांगला एसएमपीएस आणि मागचा एक नवा पंखा घेता येतो.

हाच मालक लग्नाच्या व्हिडिओंचे संपादन सुरू करणार असेल आणि मोठे ग्राफिक्स कार्ड घेणार असेल, तर उत्तर बदलते. लांब कार्ड, उंच कूलर आणि दुप्पट उष्णता जुन्या पेटीत कोंबण्यापेक्षा जाळीदार पुढच्या भागाचे नवे कॅबिनेट घ्यावे.

जुने कॅबिनेट कधी सोडून द्यावे?

- पत्रा गंजून भोके पडली असतील किंवा बोर्डाची पाटी वाकली असेल.
- खुंट्यांचे आटे गेले असतील आणि बोर्ड घट्ट बसत नसेल.
- प्रमाण एटीएक्स एसएमपीएस बसत नसेल.
- मागे पंखा लावायला जागाच नसेल आणि ग्राफिक्स कार्ड वापरायचे असेल.
- पत्रा इतका पातळ किंवा धारदार असेल की हात कापतो.

फक्त बटण बिघडले असेल तर कॅबिनेट टाकू नये. रीसेटच्या बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावली की तेच बटण सुरू करण्याच्या कामी येते.

उरलेल्या जुन्या भागांचे काय करावे?

कॅबिनेट ठेवले म्हणजे चार-पाच किलो लोखंड आणि प्लास्टिक कचऱ्यात जाण्यापासून वाचले. जुना मदरबोर्ड, एसएमपीएस आणि वायरी मात्र उकिरड्यावर टाकू नयेत. त्यांत शिसे असू शकते, आणि तांब्यासाठी वायरी जाळल्या की विषारी धूर होतो. देशात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ लागू आहेत. त्यानुसार अशा वस्तूंचा पुनर्वापर नोंदणीकृत प्रक्रिया केंद्रांत व्हायला हवा. नवे भाग घेताना दुकानदार जुने परत घेतो का, हे विचारावे. जुनी हार्ड डिस्क मात्र देऊ नये. सेवा केंद्राच्या डिस्कवर लोकांचे आधार कार्ड, सातबारा आणि बँक पासबुकांच्या प्रती असतात. ती आधी पूर्ण पुसावी, किंवा तबकडीला भोके पाडून निकामी करावी.